खाटा मोजू नका, खोल्या मोजा

घर जळतं. पुरात वाहून जातं. अतिक्रमण म्हणून पाडलं जातं. भाडं थकलं की मालक सामान ओट्यावर आणून ठेवतो. नवऱ्याच्या माराला कंटाळून एखादी बाई रात्री दोन लेकरं घेऊन बाहेर पडते. कारण कुठलंही असो, त्या रात्री ते कुटुंब जातं कुठे? खानदेशात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सोयऱ्यांकडे’ असं असतं. मामाच्या पडवीत आठ दिवस, बहिणीच्या सासरी पंधरा दिवस, मग कुणाच्या तरी खळ्यातली खोली. सोयरेही गरीबच असतात. महिन्याभरात त्यांच्या घरातली भांडी वाजायला लागतात आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, ‘आते कथा जावानं, भाऊ?’ (आता कुठे जायचं?) त्यानंतर उरतो तो भुसावळचा फलाट, बसस्थानकाचा कोपरा किंवा गावाबाहेरचं पाल.

या कुटुंबाला कायमचं घर मिळायला हवं, यावर कुणाचं दुमत नाही. योजनाही भरपूर आहेत. प्रधानमंत्री आवास आहे, आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आहे. पण घर गेल्याच्या रात्रीपासून घरकुलाची किल्ली हातात पडेपर्यंत मधे जो काळ जातो, त्याचा विचार जवळजवळ कुणी करत नाही. हा काळ कधी तीन महिन्यांचा असतो, कधी तीन वर्षांचा. स्वतःच्या नावावर जागा असेल तर बांधकामाला अनुदान मिळतं. जागाच नसेल तर माणूस बहुतेकदा यादीच्या बाहेर राहतो. मुलांची शाळा सुटते, बाईचं आरोग्य खचतं, गडी दारूला लागतो तो याच काळात. पुढे घरकुल मिळालंच, तर त्यात राहायला जाणारं कुटुंब पूर्वीचं उरलेलं नसतं.

म्हणून माझी मागणी या मधल्या काळापुरती आहे. खानदेशातल्या प्रत्येक महानगरपालिकेने आणि मोठ्या नगरपालिकेने बेघर कुटुंबांसाठी काही महिने राहता येईल अशा खोल्या बांधाव्यात, आणि त्यांचं मोजमाप खाटांमध्ये करू नये. ज्या खोलीला आतून कडी लागते, जिच्यात स्वतःचा स्वयंपाक होतो आणि जिची किल्ली बाईच्या कनवटीला असते, ती एक खोली म्हणजे एक निवारा. ‘शंभर खाटांची सोय’ असं लिहिलेला अहवाल कुटुंबांच्या कामाचा नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ही मागणी नवी नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांना बेघरांसाठी चोवीस तास उघडे निवारे करायला सांगितलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यातल्या नागरी बेघर निवारा योजनेने मापं घालून दिली: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि माणशी साधारण पन्नास चौरस फूट जागा. पुरुषांचे, स्त्रियांचे, कुटुंबांचे आणि विशेष गरजा असलेल्यांचे निवारे वेगळे असावेत, हेही त्यात होतं. आता २०११ च्या जनगणनेचे आकडे घ्या. जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे ३ लाख ७५ हजार, भुसावळ १ लाख ८७ हजार, नंदुरबार १ लाख ११ हजार. बेरीज अकरा लाखांच्या वर जाते. म्हणजे जुन्या लोकसंख्येच्या हिशेबानेही या चार शहरांत मिळून किमान अकराशे माणसांची सोय व्हायला हवी, आणि तिच्यात कुटुंबांचा ठळक वाटा हवा.

प्रत्यक्षात निवारा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो एक लांबलचक हॉल, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, कोपऱ्यात पाण्याची टाकी. एकट्या हमालाची किंवा वाट चुकलेल्या म्हाताऱ्याची थंडीतली रात्र त्यात निघून जाते. कुटुंबाचं तिथे काय होतं ते बघा. बाप आणि चौदा वर्षांचा मुलगा एका हॉलमध्ये, आई आणि मुलगी दुसऱ्यात. मुलीला न्हाण आलेलं असेल तर तिने कपडे कुठे बदलायचे? अंगावर पिणारं पोर रात्री रडलं की चाळीस माणसांची झोप मोडते, मग कुणीतरी खेकसतं आणि आई पोराला घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसते. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, आधार, मुलाचा दाखला आणि एखादं चांदीचं कडं असतं. ती पेटी उशाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी कामावर जाताना डोक्यावर घेऊन जायचं? मारहाणीतून सुटलेल्या बाईची अडचण आणखी वेगळी आहे. अनेक महिला आधारगृहांत वाढत्या वयाच्या मुलाला आईसोबत राहू देत नाहीत. मुलाला एकीकडे सोडा नाहीतर परत त्याच घरात जा, असे दोनच रस्ते तिच्यापुढे राहतात, आणि ती परत जाते. मग आपण म्हणतो, बाई स्वतःहून परत गेली.

अशा हॉलमध्ये कुटुंबं राहायला येत नाहीत. ती आली नाहीत की कागदावर नोंद होते, ‘मागणी नाही.’ पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रक्कम कमी होते. हे दुष्टचक्र इमारतीच्या आराखड्यातून सुरू होतं. म्हणूनच आराखडा हा इंजिनिअरच्या टेबलावर सोडून देण्याचा विषय नाही.

मागणी नाही म्हणणाऱ्यांचा दुसरा आधार असतो जनगणना. २०११ मध्ये देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यातले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. ही मोजणी झाली २८ फेब्रुवारीच्या रात्री. फेब्रुवारी हा ऐन ऊसतोडीचा महिना. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, तेव्हा बार्डोलीच्या पट्ट्यात नाहीतर पश्चिम महाराष्ट्राच्या फडात असतात. मुकादमाची उचल घेऊन गेलेलं कुटुंब एप्रिल-मेमध्ये परत येतं. गावातलं कुडाचं घर सहा महिने बंद राहून पडलेलं असतं, उचल फिटलेली नसते आणि पाऊस दीड महिन्यावर आलेला असतो. हे कुटुंब कुठल्या रात्री मोजणार? शिवाय जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर राहणारा. सोयऱ्याच्या पडवीत किंवा वीटभट्टीच्या खोपटात दिवस काढणारं कुटुंब त्या व्याख्येत बसत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. निवाऱ्याची गरज ठरवताना एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नये. नगरपालिकांनी मे महिन्यात, कोयते परत आल्यावर, स्वतःची पाहणी करावी आणि तिच्यात पडवीत राहणाऱ्यांनाही धरावं.

आता खोलीकडे येऊ. सगळ्यात आधी छप्पर, कारण खानदेशात छपराचा प्रश्न जिवाचा आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे कुणाला सांगायला नको. तरीही ‘तात्पुरती सोय’ म्हटलं की आपल्याकडे सर्वात आधी पत्र्याचं शेड उभं राहतं. पत्रा स्वस्त, पत्रा लवकर चढतो, पत्र्याचं बिल लवकर निघतं. पण दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली तान्हं मूल किंवा आजारी म्हातारी ठेवून बघा. अशा शेडमध्ये कुटुंबाला ठेवणं म्हणजे त्याला दिवसभर झाडाखाली हाकलणं. आपल्या बापजाद्यांनी या उन्हाला उत्तर शोधून ठेवलं होतं. लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर टाकलेलं धाब्याचं घर, जाड भिंती, छोट्या खिडक्या, पुढे ओटा. बाहेर लाही लाही होत असताना आत बसता यायचं. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांच्या बांबूच्या कुडातून वारा खेळतो, तेही या हवेचंच शहाणपण आहे.

मातीचं धाबंच बांधा असा माझा हट्ट नाही. त्याची निगा दरवर्षी राखावी लागते आणि ती नगरपालिकेकडून होणार नाही. पण त्यामागचं तत्त्व आजच्या साहित्यात आणता येतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली, मधे पोकळी ठेवून विटा रचायची भिंत उष्णता अडवते आणि विटाही साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात. स्लॅबवर चुना किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले तर ऊन परतून जातं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं कामही हाती घेतलं. इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवली, पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद ठेवली, तिच्या बाहेर एक ओळ कडुनिंब लावले, तर विजेचं बिल न वाढवता बराच फरक पडतो. आणि गच्ची मोकळी हवी, कमरेपेक्षा उंच कठड्याची, जिन्याला दिवा असलेली. उन्हाळ्यात खानदेशी माणूस घरात झोपत नाही. चार भिंतींचं घर असलेला झोपत नाही, तर बेघराने का गुदमरावं?

तात्पुरतं म्हणजे ओबडधोबड असणारच, असं आपण गृहीत धरून चालतो. ज्या जिल्ह्यात हे लिहितोय, त्याच जळगाव जिल्ह्याने हा समज एकदा खोटा पाडला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. काही दिवसांसाठी उभ्या राहिलेल्या टिळकनगर या अधिवेशनाच्या वसाहतीची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली आणि आग्रह धरला की सगळं आसपासच्या गावांत मिळणाऱ्या साहित्यातून व्हावं. बांबू, गवत, चटया आणि गावातल्या कारागिरांचे हात. काही दिवसांनी मोडायचं होतं, तरी ते देखणं होतं. कारण बांधणाऱ्यांच्या मनात येणाऱ्या माणसाबद्दल आदर होता. सामान्य शेतकरी तिथे येणार होता, पाहुणा म्हणून. बेघर कुटुंबासाठी बांधताना तो आदर मनात असेल, तर साहित्य कुठलंही असो, आराखडा आपोआप बदलतो.

पाच माणसांच्या कुटुंबाला योजनेच्या मापानेच अडीचशे चौरस फूट होतात, साधारण बारा बाय एकवीस. त्यात एका टोकाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या टोकाला न्हाणी आणि संडास, वर सामानाला माळा, भिंतीत कुलपाचं कपाट. न्हाणी-संडास खोलीतच हवा यावर मी ठाम आहे. खर्च वाढतो म्हणून चार खोल्यांना मिळून एक, असा सल्ला लगेच पुढे येईल. पण रात्री बाहेरच्या संडासाकडे जाणं हे बाईसाठी भीतीचं काम असतं, आणि सामाईक संडासाच्या साफसफाईवरून जी भांडणं होतात ती आधीच पिचलेल्या माणसांना आणखी पिचवतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातही कुटुंबांचे नवे निवारे आखताना प्रत्येक कुटुंबाला स्वतःची न्हाणी द्यायची की नाही यावरून मोठा वाद झाला होता. म्हणजे हा मुद्दा श्रीमंत देशातही काटकसरीच्या कात्रीत सापडतो. आपण तो आधीच मान्य करून टाकावा.

चुलीचं महत्त्व तर त्याहून मोठं आहे. निवाऱ्यात तयार जेवणाचे डबे देणं सोपं असतं. एक निविदा काढली की झालं. पहिल्या दोन दिवसांना ते ठीकही आहे. पण बाईच्या हातून स्वयंपाक गेला की त्या कुटुंबाचा कणाच जातो. रात्री कामावरून येणाऱ्या माणसाला गरम कळण्याची भाकरी आणि ठेचा आपल्या घरचा मिळाला पाहिजे. लेकराला कधी भूक लागते ते आईला कळतं, ठेकेदाराला नाही. म्हणून प्रत्येक खोलीत गॅसची शेगडी आणि पाच किलोचं सिलिंडर, आणि अंगणात पत्र्याऐवजी कौलांच्या छपराखाली दोन-तीन चुली, कारण भाकरी चुलीवरच करायची सवय आहे आणि सरपण फुकट मिळतं. त्या चुलींपाशी बाया एकमेकींशी बोलतात. कुणाच्या मुलाला शाळेत घेतलं, कुठे खोली भाड्याने मिळते, कोणता मुकादम पैसे बुडवतो, ही माहिती समाजसेवकाच्या फॉर्ममधून इतक्या लवकर फिरत नाही.

अंगणाचा आणखी एक उपयोग आराखड्यात कधीच धरला जात नाही. ज्याची लोटगाडी आहे तो लोटगाडी रस्त्यावर सोडून निवाऱ्यात येणार नाही, कारण ती गेली की पोट गेलं. भंगार वेचणाऱ्या कुटुंबाची पोती, भटक्या कुटुंबाच्या दोन शेळ्या, गवंड्याची अवजारं, सगळ्यांना कुंपणाच्या आत जागा हवी. शेळ्यांना बंदी घातली तर शेळ्यांचा मालक पालातच राहील, आणि त्याने बरोबरच केलं असं मी म्हणेन. तसंच वेळेचं. बाजार समितीतला हमाल पहाटे तीनला निघतो. जिनिंगमध्ये हंगामात रात्रपाळी चालते. रात्री नऊला फाटक बंद करणारा नियम या माणसांना बाहेर काढण्यासाठीच केलेला असतो, करणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो. चोवीस तास पहारेकरी असावा, त्यात बाई पहारेकरीही असावी, पण त्यांचं काम बाहेरच्यांना रोखण्याचं. आतल्यांना कोंडण्याचं नाही.

फाटकावर ‘बेघर निवारा केंद्र’ असा ठळक फलक नको. मुलं तिथून शाळेत जाणार आहेत, त्यांना त्या फलकाखालून बाहेर पडताना वर्गमित्रांनी बघायला नको. साधं एखाद्या चाळीसारखं नाव द्यावं. ब्लँकेट वाटपाचे फोटोही फाटकाच्या बाहेरच राहावेत.

जातीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खानदेशातल्या शहरांत आजही भाड्याची खोली विचारायला गेलं की आधी आडनाव विचारतात. पारधी, भिल्ल, काही भटक्या जमाती, मुसलमान कुटुंबं, दलित कुटुंबं यांना भाडं भरायची ऐपत असूनही खोली मिळत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने विमुक्त झाल्या, पण पोलिसांची नजर विमुक्त झाली नाही. म्हणून निवाऱ्याचं रजिस्टर रोज ठाण्यात पाठवायची प्रथा पडू देऊ नये. खोल्या देताना जातीनिहाय ओळी करू नयेत. पाणी एकच, अंगण एकच. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, ठिकठिकाणी आणखी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आहे. त्या सूत्रात आडनावाची अट नाही.

किती मोठा निवारा असावा? लहान असावा. एका जागी दोनशे कुटुंबं कोंबली की ती वस्ती शहरापासून तुटते, तिथे पोलीस चौकी येते, दलाल येतात, आणि आजूबाजूचे लोक तिकडे बोट दाखवायला लागतात. वॉशिंग्टनने हे अनुभवलं. तिथे एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत वर्षानुवर्षं शेकडो कुटुंबं ठेवली जात होती; तिची इतकी दुर्दशा झाली की २०१८ मध्ये ती बंद करून शहराच्या वेगवेगळ्या प्रभागांत, पन्नासेक कुटुंबांपर्यंतच्या छोट्या इमारती उघडायला सुरुवात झाली. आपल्या शहरांच्या आकारमानाला बारा ते पंधरा खोल्यांचा एक निवारा पुरे, पण तो शहराच्या आत हवा. एमआयडीसीच्या पलीकडे, जिथे शेवटची रिक्षाही जात नाही, तिथली जागा स्वस्त असेल. पण मग धुणी-भांडी करणाऱ्या बाईचं काम सुटेल. सरकारी रुग्णालय, बाजार समिती, रेल्वे स्टेशन यांच्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी नगरपालिकांच्या बंद पडलेल्या शाळा आहेत. वर्गखोलीत मधोमध भिंत घालून, मागे न्हाणी काढून दोन कुटुंबांची सोय होते. भिंती जाड असतात, व्हरांडा असतो, मैदान असतं. नवी जागा शोधण्यात तीन वर्षं घालवण्याआधी हे करून बघावं.

मुदतीचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. ‘एकदा आत घेतलं की ते उठणारच नाहीत’ हा आक्षेप मी ज्या ज्या अधिकाऱ्याशी किंवा नगरसेवकाशी बोललो त्याने घेतला. आक्षेप खोटा नाही. पण लोक का उठत नाहीत? बाहेर पुढचं काही दिसत नाही म्हणून. मुदत घालायचीच तर ती प्रशासनालाही लागू असावी. इंग्लंडमध्ये २००४ पासून नियम आहे की बेघर कुटुंबाला सामाईक न्हाणीच्या लॉजमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, त्याच्या आत पालिकेने योग्य जागा द्यायची. तिथेही तो नियम पुष्कळदा मोडला जातो. पण मोडला की वर्तमानपत्र विचारतं, न्यायालय विचारतं, दोष पालिकेवर येतो. आपल्याकडे मुदत संपली की दोष कुटुंबावर येतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितातल्या अक्कलकुवा आणि अक्राणीच्या गावांनी हे भोगलं आहे. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात पुनर्वसन पाणी चढायच्या आधी पुरं व्हावं असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात पाणी वेळेवर आलं आणि जमीन कित्येकांना पुढची अनेक वर्षं आली नाही. ‘तात्पुरतं’ या सबबीखाली एक आख्खी पिढी मोठी झाली.

म्हणून सहा महिन्यांचा करार असावा, दोन्ही बाजूंनी सही केलेला. कुटुंबाने या काळात काय करायचं ते त्यात लिहावं: मुलं शाळेत घालणं, कमाईतला थोडा भाग जमा करणं. पालिकेने काय करायचं तेही लिहावं: पहिल्या आठवड्यात पत्त्याचा दाखला देणं, म्हणजे आधारवरचा पत्ता, रेशन आणि बँकेचं काम अडणार नाही; घरकुलाच्या योजनेत नाव बसतं का ते तपासून अर्ज भरणं; भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट बिनव्याजी उचल म्हणून देणं. हे डिपॉझिट महत्त्वाचं आहे. महिन्याचं भाडं भरता येणारी कितीतरी कुटुंबं केवळ दोन-तीन महिन्यांची आगाऊ रक्कम एकदम उभी करता येत नाही म्हणून बाहेर पडतात आणि बाहेरच राहतात. मुकादमाची उचल माणसाला बांधून ठेवते. पालिकेची ही उचल त्याला मोकळं करेल. सहा महिन्यांत पालिकेने आपल्या वाट्याचं केलं नसेल, तर कुटुंबाला उठवता येणार नाही, अशी अट करारातच हवी.

शाळेबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही किंवा वर्ष अर्धं संपलं म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. तरी मुख्याध्यापकांकडे बाप एकटा गेला तर त्याला उद्या या म्हणतात. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाने पहिल्याच सोमवारी मुलांना घेऊन जावं. त्याच्या कामाचा तो भाग असावा, मर्जीचा नाही.

पैशाचा आक्षेप उरतो. खोली हॉलपेक्षा महाग पडते हे मान्य. पण रिकाम्या हॉलचा खर्च माणशी काढला तर तो किती होतो, हे कुणी काढत नाही. शिवाय निवाऱ्यासाठी केंद्र आणि राज्याच्या योजनांत तरतूद असते. ती वापरली जात नाही ती प्रस्तावच जात नाहीत म्हणून. जळगावने हजारो घरकुलांचं स्वप्न पाहिलं, त्यातली थोडीच उभी राहिली, आणि त्यातल्या गैरव्यवहाराचं प्रकरण शेवटी २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयात निकाली निघून पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. त्या अनुभवाने इथल्या लोकांच्या मनात मोठ्या योजनांबद्दल जो अविश्वास बसला आहे तो मला समजतो. म्हणूनच मी बारा खोल्यांबद्दल बोलतोय. बारा खोल्यांचं काम एका वर्षात उभं राहतं की नाही, हे प्रभागातला कुठलाही माणूस रोज जाता-येता बघू शकतो.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर नदीचं पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी घरांतलं धान्य, कपडे, वह्या-पुस्तकं चिखल झाली. लोकांनी एकमेकांना आधार दिला, शाळा-मंगल कार्यालयं उघडली गेली, जेवणं आली. खानदेशी माणूस अशा वेळी मागे हटत नाही. पण मंगल कार्यालयाला लग्नाची तारीख असते आणि शाळा सोमवारी भरते. चौथ्या-पाचव्या दिवशी मदतीची गाडी थांबते, आणि ज्याची भिंत उभी आहे तो घरी जातो, ज्याची पडली तो उरतो. त्या उरलेल्यांसाठी आधीपासून बांधून ठेवलेल्या काही खोल्या असत्या तर? पूर नसेल तेव्हा त्या रिकाम्या राहणार नाहीत. बाराही महिने त्यांना लागणारी कुटुंबं शहरात आहेतच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महानगरपालिका आणि नगरपालिकांची अंदाजपत्रकं मंजूर होतात. जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार, चारही ठिकाणी या वर्षी ‘कुटुंब निवारा’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं, त्यात प्रत्येकी निदान एक बंद शाळा आणि बारा खोल्यांचा खर्च धरावा, आणि जागा ठरवण्याआधी आराखडा पालात राहणाऱ्या बायांसमोर जमिनीवर फक्कीने आखून दाखवावा. कडी कुठल्या बाजूला हवी, ओटा किती उंच हवा, न्हाणीचं दार कुठे उघडावं, हे त्या तासाभरात सांगतील.